वळणावर न वळणारा ट्रक



रेडिओलहरींवर चालणाऱ्या लहानशा ट्रकांच्या मातीवरील शर्यतींत तरुण मंडळींची तक्रार बहुधा एकच असते: ट्रक वळणावर वळत नाहीं, सरळ पुढें घसरतो. मग चाकें वळविणारी 'सर्व्हो' नांवाची मोटर अधिक बळकट आणावी, असा हट्ट घरांत सुरू होतो. आमच्या नातवानेंहि तो धरला होता. वडील मंडळींनीं खिशांत हात घालण्यापूर्वीं थोडें थांबावें.

ज्या ट्रकाचीं केवळ मागलीं चाकें मोटरीनें फिरतात, त्याचें वजनहि बहुतेक मागेंच असतें. वळणांत वेग वाढवितांच भार अधिकच मागें जातो, पुढलीं चाकें हलकीं होतात आणि मातीवरील त्यांची पकड सुटते. असें चाक कितीहि जोरानें वळविलें, तरी ट्रक वळणार कसा? यास्तव ट्रक सरळ धांवत असतांनाच वेग उतरवावा. भार पुढें येतो. मग वळवावें, आणि तोंड फिरल्यावरच पुनः वेग द्यावा. यास दिडकीहि लागत नाहीं. लागते ती बोटाची संवय.

त्यानंतर पुढलें चाक हातानें हलवून सांध्यांतील ढिलेपणा पाहावा. टायर झिजले असल्यास पैसा तेथें खर्चावा. पुढली स्प्रिंग किंचित् नरम केली, किंवा जागा असल्यास बॅटरी अर्धा बोट पुढें सरकविली, तरी पुढली पकड वाढते. परंतु एका वेळीं बदल एकच करून ५-६ फेऱ्या मारून पाहाव्या. दोन अव्यक्तें आणि समीकरण एक, असें उदाहरण आम्ही शाळेंत कधीं घातलें नाहीं. आणि ट्रकाची शेपटी वळणांत बाहेर फेंकली जाऊं लागली, तर बॅटरी पुनः थोडी मागें घ्यावी.