भिंतीतून वाहणारं पाणी

छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) उस्मानपुऱ्यातल्या संत एकनाथ रंगमंदिरापासून रिक्षा केली, की थोड्याच वेळात तुम्ही पाणचक्कीला पोहोचता. तिथला हौद आणि खाली कोसळणारं पाणी सगळेच पाहतात. पण ते पाणी ज्या उंच भिंतीवरून येतं, त्या भिंतीकडे कितीजण बघतात?

दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचं हे पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून येतं. उतार इतका नेमका राखलेला, की ते आपल्या दाबानेच या भिंतीत चढतं. ना पंप, ना वीज. मग ते वरून पडतं आणि त्याच्या जोरावर दळणाचं जातं फिरायचं. आणखी एक नवल म्हणजे या विस्तीर्ण हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे! एवढा भार पेलणारे ते खांब उतरून जरूर पाहा.

या शहरात नहरींची, म्हणजे अशा जमिनीखालच्या जलवाहिन्यांची, वाट पहिल्यांदा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने घालून दिली. 1610 च्या सुमारास त्याने खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि कोरड्या भूमीला नहर-ए-अंबरीचं पाणी दिलं. नळांतली हवा आणि दाब मोकळा करणारे दगडी जलमनोरे या नहरींवर उभारलेले असत. या कारागिरीला मी शहरातल्या कोणत्याही घुमटाइतकाच मान देईन.

असा एखादा मनोरा तुमच्या गल्लीजवळ असेल, तर त्यावर खिळे ठोकू नका, फलक लावू नका. मुलांना तिथे न्या आणि पाणी वर कसं चढायचं, ते समजावून सांगा.