जप्त घराची खरेदी : पैसे आधी, ताबा नंतर
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



वर्तमानपत्राच्या आतील पानांवर बारीक अक्षरांतील एक जाहिरात वारंवार दृष्टीस पडते. ‘स्थावर मिळकतीच्या विक्रीची जाहीर नोटीस’ असे तिचे शीर्षक असते. खाली थकबाकीदाराचे व जामीनदारांचे नाव, सदनिकेचा क्रमांक, क्षेत्रफळ, राखीव किंमत आणि अनामत रक्कम. ही राखीव किंमत पुष्कळदा बाजारभावापेक्षा कमी असते. मुलाचे लग्न ठरले आहे, घर लहान पडते आहे, अशा कुटुंबाचे लक्ष तेथे खिळावे हे स्वाभाविकच आहे. असा सौदा मुळातच वर्ज्य मानण्याचे कारण नाही. अनेकांना लिलावातून उत्तम घरे लाभली आहेत. परंतु नेहमीच्या खरेदीतील क्रम येथे उलटा होतो. एरवी खरेदीदार कागदपत्रे पाहतो, करारनामा नोंदवतो, कर्ज मिळवतो आणि अखेरची रक्कम देताना किल्ली घेतो. लिलावात आधी पैसे, मग मालकीचा कागद, आणि ताबा कधी कधी त्याहूनही उशिरा. मधल्या काळातील सारी जोखीम खरेदीदाराच्या शिरावर असते.

या विक्रीचा आधार म्हणजे २००२ चा सरफेसी कायदा. व्यवहारात त्यास सिक्युरिटायझेशन कायदा म्हणतात. कर्ज अनुत्पादित ठरले की बँक कर्जदारास ६० दिवसांची नोटीस देते, आणि रक्कम न आल्यास दिवाणी न्यायालयात न जाता गहाण मिळकतीचा ताबा घेऊन ती विकू शकते. सहकारी बँकांना हा अधिकार आहे की नाही याविषयी दीर्घकाळ वाद होता. मुरगूड येथील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ५ मे २०२० रोजी तो मिटवला. त्यामुळे तालुक्याच्या गावातील ओळखीच्या बँकेने काढलेला लिलावही याच नियमांनी चालतो.

आता पैशाचा हिशेब पाहू. समजा, एका सदनिकेची बोली ६० लाखांवर थांबली. नियमानुसार बोलीच्या २५ टक्के, म्हणजे १५ लाख रुपये, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावे लागतात; आधी भरलेली अनामत त्यातच धरली जाते. उरलेले ४५ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत द्यायचे. मुदतवाढ मिळू शकते, परंतु ती लेखी हवी आणि तीन महिन्यांपलीकडे जाता येत नाही. रक्कम न भरल्यास आधीची ठेव जप्त होते, मिळकत पुन्हा विक्रीस निघते आणि तिच्यावर पहिल्या बोलीदाराचा कसलाही हक्क उरत नाही.

बहुसंख्य खरेदीदार अडखळतात ते येथेच. गृहकर्ज १५ दिवसांत मंजूर होऊन हाती पडेल हा हिशेब मुळातच धाडसाचा. कर्ज देणारी संस्था करारनामा मागते, तर येथे करारनामा नसतोच. विक्री प्रमाणपत्र मिळते ते पूर्ण रक्कम भरल्यावर. मूळ दस्तऐवज विकणाऱ्या बँकेच्या तिजोरीत असतात. घरात जुना मालक राहत असेल तर मूल्यांककास आत पाऊल टाकता येत नाही. आणि बँकेकडे केवळ प्रतीकात्मक ताबा असेल, म्हणजे दारावर नोटीस चिकटवली आहे पण घर रिकामे झालेले नाही, तर अनेक संस्था कर्जाचा अर्ज पुढे सरकवतच नाहीत. विकणारी बँक स्वतःच कर्ज देईल असे कधी सांगितले जाते. ते खरेही असू शकते, परंतु वसुली विभागातील अधिकाऱ्याचा तोंडी दिलासा म्हणजे कर्ज विभागाची मंजुरी नव्हे. मंजुरीपत्र हाती असेल तरच बोली लावावी.

सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या एका प्रकरणात हे सारे प्रत्यक्ष घडले. तमिळनाडूतील एका मिळकतीसाठी १२ कोटी २७ लाखांची बोली लागली आणि त्यातील २५ टक्के, म्हणजे तीन कोटींहून अधिक रक्कम, भरली गेली. बाकीच्या पैशासाठी खरेदीदार कर्जावर विसंबला होता. कर्ज वेळेत उभे राहिले नाही, वाढीव मुदतही टळली, आणि बँकेने ठेव जप्त केली. मद्रास उच्च न्यायालयाने खरेदीदारास दिलासा दिला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो निर्णय फिरवून संपूर्ण २५ टक्क्यांची जप्ती वैध ठरवली. पैसे उभे करताना अडचण आली, एवढे कारण त्यास पुरेसे वाटले नाही. दुकानाचे खेळते भांडवल काढून अनामत भरू पाहणाऱ्या व्यापारी बांधवांनी हा निकाल अवश्य समजून घ्यावा.

ताब्याचा प्रश्न याहून चिवट. जुना मालक घर सोडत नसेल तर बँक जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, मुंबईसारख्या महानगरात मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, अर्ज करते. आदेशासाठी कायद्यात ३० आणि फार तर ६० दिवसांची मर्यादा आहे. पण आदेश निघाल्यावरही पोलीस बंदोबस्ताची तारीख मिळावी लागते. तोवर खरेदीदार एका हाताने कर्जाचा हप्ता आणि दुसऱ्या हाताने राहत्या घराचे भाडे भरत राहतो. घरात भाडेकरू असेल तर गुंता आणखी वाढतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने संरक्षित भाडेकरूस सरफेसीच्या बळावर बाहेर काढता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात दिला. बनावट भाडेकरूही उभे केले जातात, हेही खरे. पण ते बनावट आहेत हे सिद्ध होईपर्यंत वेळ जातोच.

शिवाय बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्क कर्जदारास आहे. नोटिशीत वा मूल्यांकनात दोष आढळला तर झालेली विक्रीही रद्द होऊ शकते. एके काळी विक्री पूर्ण होईपर्यंत थकबाकी भरून मिळकत सोडवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होताच हा हक्क संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे खरेदीदारास बळ आले, पण खटल्याची शक्यता काही संपली नाही. न्यायाधिकरणात अर्ज प्रलंबित आहे का, याची चौकशी बोलीपूर्वी वकिलामार्फत करावी. तीस वर्षांचा शोध अहवालही त्याच वेळी घ्यावा.

जाहिरातीतील ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे’ हे शब्द वाचून सोडून देण्याजोगे नाहीत. जुन्या मालकाची वीजबिलाची थकबाकी नव्या मालकाकडून जोडणीची अट म्हणून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये केरळातील प्रकरणांत म्हटले, आणि ती प्रकरणे अशाच लिलावांतून उद्भवली होती. मालमत्ता कर आणि गृहनिर्माण संस्थेची देखभाल वर्गणी यांचेही तसेच. संस्था थकबाकी चुकती झाल्याशिवाय सभासदत्व सहसा देत नाही. चार-पाच वर्षे वर्गणी न भरलेल्या सदनिकेवर व्याजासह किती रक्कम साचली असेल याचा अंदाज बाहेरच्यास येत नाही. संस्थेच्या चिटणीसांकडे ती नोंद असते. घरात कोण राहते हेही तेच सांगू शकतात. म्हणून बँकेच्या कचेरीआधी त्या इमारतीत जाऊन यावे.

बोलीच्या आकड्यावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च येतोच. ५० लाख वा अधिक किमतीच्या मिळकतीवर एक टक्का उद्गम कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. वरच्या उदाहरणात ती रक्कम ६० हजार रुपये होते. ती बँकेस द्यावयाच्या रकमेतून कापली जाते, तेव्हा बँकेशी आधी लेखी बोलून घ्यावे. अन्यथा तेवढी रक्कम कमी भरली असा वाद निघतो. विक्री प्रमाणपत्र घेताना त्यातील सदनिका क्रमांक, क्षेत्रफळ आणि वाहनतळाचा उल्लेख मूळ दस्ताशी जुळतो का, हे तेथेच पाहावे. नोंदणी झाल्यावर प्राधिकृत अधिकाऱ्याकडून मूळ दस्तांची यादी व ताबापावती सहीनिशी घ्यावी. घरात जुन्या कुटुंबाचे सामान उरले असेल तर पंचांसमक्ष त्याची यादी करून मगच कुलूप बदलावे.