पिंपळाचं पान आणि आलेख कागद
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मी माइक हातात घेतल्याबरोबर मागच्या बाकावरून आवाज आला, "आवर लवकर, जेवण थांबलंय." हा आवाज छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वीही त्याच बाकावरून यायचा, त्यामुळे घरी आल्यासारखं वाटलं. मी विषय कळवला होता, "विद्यापीठीय संशोधन आणि अध्यापनासाठी परवडणारं प्रतिमा विश्लेषणाचं सॉफ्टवेअर". कार्यक्रमपत्रिकेत तो मावला नाही, म्हणून तिथं "संगणक आणि शिक्षण" असं छापलंय. असू दे.

समोर पहिल्या रांगेत आपल्या गणिताच्या बाई बसल्या आहेत. बाई, आठवीत तुम्ही आम्हाला शाळेमागच्या पिंपळाचं एकेक पान आणायला लावलं होतं. पान आलेख कागदावर ठेवायचं, कडेनं पेन्सिल फिरवायची आणि आतले चौकोन मोजायचे. पूर्ण चौकोन एक धरायचा, अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तर तोही एक, अर्ध्याहून लहान असेल तर सोडून द्यायचा. मी घाईत सगळेच तुकडे धरले आणि माझं पान वर्गात सगळ्यात मोठं भरलं. तुम्ही वही परत केलीत आणि म्हणालात, "पान मोठं नाही, तुझा नियम ढिला आहे." गेली सव्वीस वर्षं मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. आज ज्याबद्दल बोलणार आहे ते सगळं त्या वाक्यात आलेलं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

संगणकावरचा फोटो म्हणजे आलेख कागदच. बारीक बारीक चौकोन, त्यांना पिक्सेल म्हणतात. साध्या कृष्णधवल चित्रात प्रत्येक चौकोनाला 0 ते 255 मधला एक आकडा असतो. 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. प्रतिमा विश्लेषण म्हणजे "अमुक आकड्याच्या खालचे चौकोन पानाचे, वरचे कागदाचे" असा नियम लावायचा आणि मोजायचं. या नियमाला थ्रेशोल्ड म्हणतात. बाईंचा "अर्ध्याहून मोठा तर एक", तोच हा.

मी नोकरीला लागलो तेव्हा हे मोजून देणारं सॉफ्टवेअर सूक्ष्मदर्शकाच्या कंपन्या विकायच्या. एकदा दरपत्रक मागवलं. तो आकडा आमच्या विभागाच्या वर्षभराच्या रसायनांच्या खर्चापेक्षा मोठा होता, आणि तोही एका संगणकापुरता. वर्गात मुलं चाळीस. मग लोक करतात तेच एका ठिकाणी झालेलं मी पाहिलं, ठिकाण सांगत नाही. कुणीतरी चोरीची प्रत आणली, तिच्याबरोबर व्हायरस आला आणि दोन वर्षांचे फोटो गेले. त्या फोटोंवर ज्याचा प्रबंध अवलंबून होता तो मुलगा पुढं सहा महिने नव्यानं काचपट्ट्या करत बसला होता.

गंमत अशी, की फुकट आणि रीतसर मिळणारी वस्तू तेव्हाही होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड नावाच्या गृहस्थांनी 1987 मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी 'एनआयएच इमेज' हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. मग 1997 मध्ये त्याचाच पुढचा अवतार जावा भाषेत आला, 'इमेजजे'. जावामुळं तो विंडोज, लिनक्स, मॅक, कशावरही चालतो. सरकारी पगारावर लिहिलेला म्हणून सार्वजनिक मालकीचा. परवाना नाही, नूतनीकरण नाही. जगभरच्या लोकांनी त्याला आपापली जोडकामं लिहिली आणि ती एकत्र बांधून 'फिजी' नावाचा संच झाला. फिजी म्हणजे 'फिजी इज जस्ट इमेजजे'. शास्त्रज्ञांचे विनोद असेच असतात. आमच्या प्रयोगशाळेत हा प्रोग्रॅम जुन्यापान्या, कार्यालयानं टाकून दिलेल्या संगणकांवर चालतो.

त्याच्यावर काय करतो? सोपं उदाहरण आधी. झेरॉक्सच्या यंत्राला जो स्कॅनर असतो, त्यावर पान ठेवून 300 डीपीआयवर स्कॅन करायचं. म्हणजे एका इंचात 300 ठिपके, चौरस इंचात 90 हजार. माप आपोआप मिळालं. आता चौकोन मोजायला अर्धा मिनिट पुरतो. तासगावकडची मुलं द्राक्षाची पानं आणतात. पानाचा किती भाग डावणीनं खाल्लाय हे दहाजणांना नजरेनं सांगायला लावलं तर दहा टक्केवाऱ्या येतात. इमेजजेमध्ये नियम एकच, म्हणून उत्तर एक येतं. पण ते बरोबरच असतं असं नाही. त्याला फक्त पिवळं दिसतं. हा पिवळेपणा डावणीचा, मॅग्नेशियमच्या कमतरतेचा की पान जून झाल्याचा, हे त्याला कळत नाही. ते पान उलटं करून, खालची पांढरी बुरशी बघून माणसालाच ठरवावं लागतं. एका बागायतदाराला मी मोठ्या अभिमानानं टक्केवारी दाखवली. ते म्हणाले, "सर, टक्के राहू द्या. फवारू का नको ते सांगा."

आता एक कबुली द्यायची आहे. बाई समोर आहेत म्हणून विशेष.

जत तालुक्यातली एक विद्यार्थिनी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी शाळू ज्वारीची पर्णरंध्रं मोजत होती. पाणी दिलेली ज्वारी आणि ताण दिलेली ज्वारी, दोन्हींच्या पानांवर एका चौरस मिलिमीटरमध्ये रंध्रं किती आणि किती लांब. पाण्याच्या ज्वारीचे फोटो दिवाळीआधी झाले, ताणाच्या ज्वारीचे नंतर. आकडे आले ते बघून मी उडालोच. ताण दिलेल्या पानावर रंध्रं निम्म्या लांबीची आणि संख्येनं चौपट! मी तिच्या नावानं आणि माझ्या नावानं एका चर्चासत्राला गोषवारा पाठवूनही दिला.

ती मात्र खूश नव्हती. तिनं मला न सांगता कपाटातला जुना नेत्रिकेतला मायक्रोमीटर काढला आणि डोळ्यानं, हातानं वीस रंध्रं मोजली. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, हातानं मोजली की दोन्ही जवळजवळ सारखीच येतात." मी आधी तिच्यावरच चिडलो. संध्याकाळी शांतपणे फाइली उघडल्या तेव्हा कळलं. डिस्कवर जागा राहत नाही म्हणून सुट्टीत मीच कॅमेऱ्याची सेटिंग निम्म्यावर आणली होती. फोटो आता निम्म्या रुंदीचे येत होते, आणि प्रोग्रॅममधलं माप जुनंच राहिलं होतं. लांबी निम्मी, म्हणून क्षेत्रफळ पाव, म्हणून घनता चौपट. निसर्गात काही घडलंच नव्हतं.

गोषवारा मागे घेतला. कारण लिहिताना "तांत्रिक अडचण" असं आधी लिहिलं, मग ते खोडून "मोजमापाची चूक" असं लिहिलं. तिला पूर्ण गुण मिळाले. प्रबंधात तिनं या चुकीवर दोन पानं लिहिली होती आणि परीक्षकांनी तोंडी परीक्षेत त्याच दोन पानांवर तिला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. फोटो काढायला बसलं की दर वेळी पहिला फोटो स्टेज मायक्रोमीटरचा. ही एक काचपट्टी असते, तिच्यावर एक मिलिमीटरची रेघ कोरून तिचे शंभर भाग केलेले असतात. शेतात असाल तर कंपासपेटीतली पट्टी पानाशेजारी ठेवा. नाणं ठेवू नका, नाण्यांचे आकार बदलत राहतात.

भूगोलाचे माझे सहकारी हेच काम आकाशातून करतात. युरोपीय अंतराळ संस्थेच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात आणि त्यातला एक चौकोन जमिनीवर 10 मीटर बाय 10 मीटरचा असतो. म्हणजे 100 चौरस मीटर. आपला गुंठा 101 चौरस मीटरचा. हे सांगितलं की शेतकऱ्यांच्या पोरांचे डोळे चमकतात: एक ठिपका, एक गुंठा! 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा वर ढगच ढग होते, साध्या चित्रात काही दिसणं शक्य नव्हतं. सेंटिनेल-1 रडारनं बघतो, त्याला ढग आडवे येत नाहीत. संथ पाणी रडारची लहर दुसरीकडेच परतवतं, म्हणून ते काळं दिसतं. काळे चौकोन मोजा, पाण्याखालचे गुंठे मिळाले. क्यूजीआयएस नावाच्या फुकट प्रोग्रॅमवर पदवीची मुलं हा नकाशा करतात. पण उभ्या उसात शिरलेलं पाणी असं काळं दिसत नाही, आणि आपल्या नदीकाठी ऊस किती हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून मुलांना आम्ही नकाशा घेऊन गावात पाठवतो, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा बघायला.

सगळं फुकटच वापरा, असा माझा हट्ट नाही. रुग्णाचं निदान करायचं असेल तिथं प्रमाणित यंत्रणाच हवी. आणि पैसे घेणाऱ्या कंपनीचा माणूस बिघाड झाला की येतो. इमेजजे अडलं की मलाच रात्री बसावं लागतं. शिक्षकाचा वेळ फुकट धरला जातो, त्याबद्दल माझी तक्रार आहेच.

हे सगळं आज इथं काढायचं कारण कालची बैठक. आपण शाळेच्या प्रयोगशाळेसाठी वर्गणी जमवली आहे आणि त्यातून तयार डिजिटल पॅकेज घ्यावं असं काहींचं मत पडलं. मी माहितीपत्रक रात्री वाचलं. पडदा छान आहे. पण त्याचं सॉफ्टवेअर दरवर्षी नव्यानं पैसे भरून चालू ठेवायचं आहे. आपण वर्गणी एकदा देणार. तिसऱ्या वर्षी कोण भरणार, हे कालच्या बैठकीत कुणी विचारलं नाही, मीही नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्याच पैशात दोन चांगले सूक्ष्मदर्शक, त्यांना बसणारे कॅमेरे, दोन स्टेज मायक्रोमीटर आणि विज्ञानाच्या शिक्षकांना शिकवायला उन्हाळ्यातले आठ दिवस बसतात. ते आठ दिवस मी येईन, मानधन नको. निर्णय तुम्ही घ्या, पण दुपारच्या मतदानाआधी त्या माहितीपत्रकाचं शेवटचं पान वाचा, बारीक अक्षरातलं.

आणि बाई, आठवीची ती वही माझ्या आईनं जपून ठेवली होती, मी बरोबर आणली आहे. उद्या सकाळी नऊला मी प्रयोगशाळेत लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन बसतोय. मागचा पिंपळ अजून आहे, काल बघून आलो. वहीतली बाह्यरेषा स्कॅन करून ते पान खरं किती होतं ते तुमच्यासमोर मोजायचं आहे. ज्याला यायचं त्यानं यावं, येताना एक पान तोडून आणावं.