न आटणारा ठेवा



संकटाच्या काळातही टिकून राहणारा आनंद, आणि तोही ख्रिस्ती माणूस ज्याला आनंद म्हणतो तो, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. हे ऐकून एखादा शेतकरी बांधव म्हणेल, "अहो गुरुजी, पाऊस नाही, विहिरीनं तळ गाठलाय, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे, घरात म्हातारीचं दुखणं आहे. अशा वेळी आनंद कुठून आणायचा? आणि कुणी आणलाच, तर तो माणूस एक तर निर्दय असेल, नाही तर स्वतःला फसवीत असेल." हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येणार नाही. म्हणून उपदेश राहू द्या, आधी एका भाकरीची हकीगत सांगतो.

ही गोष्ट अठराशे सत्तरच्या दशकातली. पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे एक विद्वान कुटुंब होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई, दोन मुली आणि एक मुलगा. जवळ होते नव्हते ते यात्रा आणि दानधर्म यांत संपलेले, आणि त्यातच दुष्काळ पडला. अंगमेहनतीची सवय नाही आणि भीक मागायची लाज. एका डोंगरावरच्या रानात या माणसांनी नुसते पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर अकरा दिवस काढले. वडील गेले. मग आई आजारी पडली. आईसाठी भाकरीचा तुकडा मिळतो का पाहावे म्हणून धाकटी मुलगी एका घराशी गेली. त्या घरची बाई मायेने बोलली, पण मुलीच्या तोंडून शब्द फुटेना. रडू मात्र आवरेना. त्या माउलीने ओळखले आणि आपणच विचारले, काही खायला हवं आहे का? तेव्हा मुलगी कशीबशी म्हणाली, की बाजरीच्या भाकरीचा एक लहानसा तुकडा हवा. तो मिळाला. ती धावत आईकडे आली. पण आईला घास खाण्याचीही ताकद उरली नव्हती. आई गेली, आणि तिच्या मागून थोरली बहीणही गेली.

ती धाकटी मुलगी म्हणजेच पुढे सर्व जगाला माहीत झालेल्या पंडिता रमाबाई. जन्म १८५८ चा, मृत्यू १९२२ चा. ही हकीगत त्यांनी स्वतःच १९०७ साली निघालेल्या आपल्या छोट्याशा इंग्रजी आत्मकथनात लिहून ठेवली आहे. त्या पुस्तकाच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, 'आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष'. बघा हं, जिच्या आईला भाकरीचा तुकडासुद्धा वेळेवर मिळाला नाही, ती बाई पन्नाशीच्या घरात येऊन 'अक्षय ठेवा' म्हणते आहे. हा ठेवा कोणता, आणि तो दुष्काळात कसा आटला नाही, एवढेच आज आपल्याला पाहायचे आहे.

दुःखे काही तिथेच थांबली नाहीत. १८८० साली एकुलता एक भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी रमाबाईंचा विवाह झाला. मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. विधवा रमाबाई तेव्हा चोविशीच्याही आत होत्या, आणि मांडीवर वर्षाचीही न झालेली पोर. पुढे त्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि तिथे १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता इथे कुणाला वाटेल, की धर्म बदलला, आनंद मिळाला, गोष्ट संपली. पण तसे झाले नाही. स्वतः रमाबाई प्रांजळपणे सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्या हाती ख्रिस्ती धर्म होता, परंतु ख्रिस्त गवसला नव्हता. नाव बदलले, प्रार्थनेची रीत बदलली, तरी मनाची तहान होती तशीच राहिली. लहानपणापासून त्यांनी पुण्याचा हिशेब पाहिला होता. इतकी स्नाने, इतक्या प्रदक्षिणा, इतके दान. ख्रिस्ती झाल्यावरही मन तोच हिशेब करीत होते, की मी पुरेशी चांगली झाले का? देव माझ्यावर राजी आहे का?

मग १८९१ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले, की ख्रिस्ताची शिकवण या हिशेबाच्या अगदी उलट आहे. देवाची प्रीती ही कमाई नव्हे, ती देणगी आहे. लेकरू गुणी निघाल्यावर आई त्याला आपलेसे करते, असे कधी असते का? आधी ती आपलेसे करते, मग लेकरू हळूहळू शहाणे होते. ही गोष्ट मनात उतरली आणि रमाबाईंचा जीव निवांत झाला.

मंडळी, या निवांतपणाचाच दुष्काळाशी संबंध आहे. संकट आले की माणसाला दुहेरी मार बसतो. पहिला मार संकटाचा. दुसरा मार मनातल्या शंकेचा, की देवाने मला टाकले, माझेच काही पाप असले पाहिजे. पहिला मार ख्रिस्ती माणसालाही चुकत नाही. त्याचेही शेत करपते, त्याचेही मूल आजारी पडते. पण देवाची माया पीकपाण्यावर मोजायची नसते हे एकदा कळले, म्हणजे दुसऱ्या माराची धार जाते. जो आनंद सुगीवर टेकलेला असतो तो सुगीबरोबर येतो आणि सुगीबरोबर जातो. हा मात्र 'मला टाकलेले नाही' या भरवशावर टेकलेला आहे, म्हणून तो पाऊस गेला तरी जात नाही.

याचे मूळ पाहायचे तर जवळजवळ दोन हजार वर्षे मागे जावे लागेल. आज जो ग्रीस देश आहे त्याच्या उत्तर भागात फिलिप्पै नावाचे नगर होते. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना तिथे फटके मारून तुरुंगात टाकले, पाय खोड्यात अडकवले. तरी मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करीत, स्तोत्रे गात होते आणि बाकीचे कैदी कान देऊन ऐकत होते, असे बायबलात लिहिले आहे. पुढे काही वर्षांनी त्याच गावच्या मंडळीला पौलाने पत्र लिहिले, आणि तेही कैदेतूनच. अवघे चार अध्यायांचे पत्र, पण त्यात आनंदाची गोष्ट पुनःपुन्हा येते.

त्या पत्रातल्या दोन गोष्टी शिक्षक बंधुभगिनींनी मुद्दाम ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी, की हे आनंदाचे पत्र असूनही त्यात दुःख झाकलेले नाही. एपफ्रदीत नावाचा सोबती मरणाच्या दारातून परत आला, तो गेला असता तर आपल्यावर दुःखामागून दुःख कोसळले असते, असे पौल उघड लिहितो. स्वतः येशूही मित्राच्या कबरीपाशी रडला. तेव्हा रडणे म्हणजे श्रद्धा कमी, असे मुळीच नव्हे. दुसरी गोष्ट अशी, की भरल्या पोटी आणि रिकाम्या पोटी सारखेच समाधानी राहायला आपण शिकलो, असे पौल म्हणतो. तो 'शिकलो' म्हणतो बरं का! जन्मतः आले, असे म्हणत नाही. म्हणजे ही पाटीवर गिरवायची गोष्ट आहे. पहिल्या दिवशी अक्षर वाकडे येणारच.

आता पुन्हा रमाबाईंकडे येऊ. आरंभी आपण एक आक्षेप ऐकला होता, की दुष्काळात आनंदी राहणारा माणूस निर्दय असला पाहिजे. त्याचे उत्तर केडगावच्या माळावर सापडते. पुण्याहून दौंडकडे जाताना हे रेल्वे स्टेशन लागते. रमाबाईंनी इथे शेतजमीन घेतली होती. १८८९ साली मुंबईत काढलेले त्यांचे 'शारदा सदन' तेव्हा पुण्यात होते. तेथील दिवसही सोपे गेले नव्हते. मुलींना ख्रिस्ती करतात असा बोभाटा होऊन १८९३ साली सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले, आणि काही पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. या वादात कोणाचे किती बरोबर होते याची चर्चा आजही होते. ती इथे नको. इतके खरे, की बाई खचून घरी बसल्या नाहीत.

१८९६ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडल्याची बातमी आली. रमाबाई तिकडे गेल्या. वाटेवर, धर्मशाळांत, दुष्काळी छावण्यांत हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि बालविधवा त्यांनी पाहिल्या. त्यांत त्यांना कोण दिसले असेल? भाकरीच्या तुकड्यासाठी एका घराशी मुकी उभी राहिलेली आपणच दिसली असणार. अशा मुलींना त्या घेऊन आल्या. प्लेगच्या दिवसांत पुण्यात इतक्या जणींना ठेवणे शक्य नव्हते, तेव्हा केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. तेच 'मुक्ति' सदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि सदनातली माणसे सुमारे दीड हजारांवर गेली. मुली शेती शिकल्या, विणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले गेले. ती संस्था केडगावला आजही चालू आहे.

मंडळी, विचार करा. जी बाई आतून कोरडी होती ती हे ओझे कशी उचलती? आणि जी खोटाच आनंद मिरवीत होती ती दुष्काळाच्या वाटेला तरी कशाला जाती? ज्याला जिवाची शांती गवसते तो दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवीत नाही; उलट त्याला त्या दुःखाजवळ जायचे बळ येते. आनंद खरा की खोटा, हे ओळखायची हीच खूण. ज्या आनंदाने शेजाऱ्याचे रडणे ऐकू येईनासे होते, तो ख्रिस्ती आनंद नव्हे.

तर मग हा धडा आपण आपल्या गावात गिरवायचा कसा? तीन साध्या गोष्टी सांगतो.

पहिली, दुःख झाकू नका. देवापुढे ते जसे असेल तसे मांडा. बायबलातल्या स्तोत्रांत किती तरी ठिकाणी भक्त देवाला चक्क जाब विचारतो, तक्रार करतो. आपल्या संतांनीही विठ्ठलाशी भांडण मांडलेच आहे की! तक्रार आपल्या माणसापाशीच होते, परक्यापाशी नाही.

दुसरी, एकट्याने कुढू नका. पौलाजवळ सीला होता. फिलिप्पैच्या मंडळींनी त्याला कैदेत मदत पाठवली होती. संध्याकाळी चार माणसे जमवा, प्रार्थना करा, भजन म्हणा. कुणाच्या घरी चूल पेटली नसेल तर ते तिथे कळते, आणि कळले की भाकरी पोहोचते.

तिसरी गोष्ट मी शिक्षकांसाठी राखून ठेवली आहे. वर्गात एखादे पोर गप्प बसले असेल तर "हस रे" असे त्याला म्हणू नका. दुःखी माणसाला आनंदाचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला चवीचे वर्णन ऐकवणे आहे. त्या भाकरीवाल्या बाईने काय केले ते आठवा. तिने व्याख्यान दिले नाही. तिने मुकेपणामागचे रडू वाचले, आणि पोरीला मागायची लाज वाटते हे ओळखून आपणच विचारले. तिचे नाव कुणाला ठाऊक नाही. ती ख्रिस्तीही नव्हती. पण रमाबाईंनी तिची आठवण तीस वर्षांनंतरही जपून लिहिली. असे विचारता येणे ही मास्तरांच्या हातातली गोष्ट आहे.

शेवटी एकच सांगतो. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई वारल्या. आईचा उजवा हात, सगळ्या कामाची पुढची वारस, वय अवघे चाळीस. रमाबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, कान जवळजवळ गेलेले. त्यांच्या हाती बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम होते. गावातल्या साध्या बायाबापड्यांना कळावे अशा सोप्या बोलीत ते करायचे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या होत्या. लेक गेल्यावर त्यांना काय वाटले असेल हे कोणत्याही आईला सांगावे लागणार नाही. पण त्यांनी ते काम सोडले नाही. ते पुरते करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

लेकीचे दुःख आणि हातातले काम, दोन्ही त्यांनी शेवटपर्यंत एकत्र वागवले. अक्षय ठेवा म्हणतात तो हाच. तो असला म्हणजे डोळे कोरडे राहतात असे नाही. पण भरल्या डोळ्यांनीही माणूस उद्याच्या कामाला उठतो, आणि उठताना शेजारच्या दाराकडे एकदा पाहतो.

यंदा तुमच्या शिवारात पाणी असो वा नसो, हा ठेवा तुम्हा सर्वांना लाभो.