देणाऱ्या बाईचं नाव कुठे असतं?

आज देण्याघेण्याबद्दल थोडं बोलूया.

झाडाचा पहिला फणस उतरला की आपण एकट्याने खात नाही. गरे शेजारी जातात, जावेकडे जातात. हा वानवळा. ज्या डब्यातून गरे गेले तो डबा रिकामा परत येत नाही. सोलं येतात, नाहीतर सुका बांगडा. याचा हिशेब कुठे लिहिलेला नसतो, पण आपल्या गटाच्या वहीपेक्षा तो चोख असतो. मी गटाची सहयोगिनी असून हे सांगतेय!

आणि याच हातांनी आपण फार मोठी वस्तू देऊन टाकतो. माहेरच्या जमिनीतला हिस्सा.

आमच्या एका गटातल्या ताईंनी वडील गेल्यावर हक्कसोडपत्रावर सही केली. भावाने चवथीला साडी नेसवली. "भावाकच दिलंय, परक्याक खंय दिलंय?" असं त्या कौतुकाने सांगायच्या. गेल्या वर्षी त्या माहेरी रातांबे वेचायला गेल्या, तर वहिनीने विचारलं, कोणाला विचारून? भाऊ ओसरीवरच बसला होता. तो काही बोलला नाही. ताई टोपली तिथेच ठेवून आल्या.

म्हणून जमीन देणंच चूक का? तसं मला वाटत नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा म्हणून गोंड आदिवासींचं गाव आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून गावाने स्वतःचा बांबू विकला. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने होतात. बाया बसलेल्या असतात, बोलतात. मग 2013 मध्ये गावाने ग्रामदान केलं. 1964 च्या ग्रामदान कायद्यानुसार सगळ्यांनी आपापली शेतजमीन गावाच्या नावे दिली. त्यातला विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी. उरलेली ज्याची त्याने कसायची, पुढे त्याच्या वारसांनी कसायची, मात्र बाहेरच्याला परस्पर विकायची नाही.

म्हणजे तिथे देणारा दिल्यावरही आतच राहतो. शेत त्याच्याकडे, सभेत जागा त्याची. आपली हक्कसोड करणारी बहीण मात्र सही झाली की पाहुणी होते.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे ग्रामदान! खरं आहे. इथे एकेका सातबाऱ्यावर चाळीस-चाळीस नावं, निम्मी मुंबईत. काजूच्या एका झाडावरून भावकी बोलेनाशी होते. पण त्या चाळीसात बायकांची किती, हे पाहा. कित्येक ठिकाणी बहिणींची नावं मालकाच्या रकान्यात नसतातच, 'इतर हक्क' मध्ये कोपऱ्यात असतात. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. वडील त्याआधी वारले असले तरी तो लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. तेव्हा वाटणी झालेली नसेल, तर विचारायला हरकत नाही.

भावाशी भांडा असं मी सांगत नाही. माझेही दोन भाऊ आहेत आणि मलाही चवथीला माहेरी जायचं असतं. पण कागद वाचल्याशिवाय सही करू नका. "नुसता सहीचा काम आसा" असं कोणी म्हणालं, तर त्या दिवशी मुळीच करू नका. तालुका विधी सेवा समितीकडे बाईला मोफत सल्ला मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो. थोडा हिस्सा ठेवून बाकीचा सोडता येईल का, हेही तिथे विचारा.

त्या ताईंनी हे सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "माजा झाला ता झाला. चेडवाचा बघूक व्हया." लेकीच्या सासरचा सातबारा त्यांनी कधी पाहिला नव्हता. महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत डिजिटल सहीचा उतारा निघतो. तो आम्ही मोबाईलवर बसून काढला. लेकीचं नाव नव्हतं. जावयाचंही नव्हतं, अजून आजेसासऱ्यांचंच होतं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने दोन्हीकडचे सातबारे आणा, माहेरचा आणि सासरचा. चष्मा विसरू नका, अक्षर बारीक असतं.