श्रद्धेचा आधार आणि रुग्णाची शुश्रूषा

(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च आपणांपुढे सादर झालाच आहे. ताळेबंदात न मावणाऱ्या एका विषयाकडे आज आपले लक्ष वेधू इच्छितो.

वॉर्डात कोणाच्या उशाशी ज्ञानेश्वरी असते, कोणाच्या हाती तसबीह वा क्रूस. आहार, निद्रा, घरी जाण्याचा दिवस, सारे काही इतरांनी ठरविलेले असताना प्रार्थना तेवढी रुग्णाच्या स्वाधीन उरते. म्हणूनच ती त्याला मोलाची वाटते. लंडन येथे १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी रुग्णाच्या वेदनेत शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक असे चारही पदर असतात, हे वैद्यकविश्वाला पटवून दिले.

तथापि प्रार्थना हे औषध नव्हे. अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. अपरिचितांनी केलेल्या प्रार्थनेमुळे शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झाल्याचे त्यात आढळले नाही. यास्तव नवस अवश्य बोलावा, अंगारा अवश्य लावावा. परंतु मुहूर्तासाठी शस्त्रक्रिया लांबवू नये आणि गोळ्या बंद करू नयेत, ही आप्तेष्टांना कळकळीची विनंती.

श्रद्धा कधी कधी रुग्णाला बोचूही लागते. कुष्ठरोगाचे जंतू हॅन्सन यांनी १८७३ साली शोधले, तरी 'पूर्वजन्मीचे पाप' हा शिक्का त्या रुग्णांच्या कपाळी दीर्घकाळ राहिला. आज कर्करोगाचा रुग्णही विचारतो, "मी कोणाचे काय वाईट केले होते?" अमेरिकेतीलच ५९६ वयस्क रुग्णांच्या पाहणीत, देवाने आपल्याला टाकले असे वाटणाऱ्यांमध्ये पुढील दोन वर्षांत मृत्यूचा धोका अधिक दिसला. ही पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. भेटीस येणाऱ्यांनी "कर्माचे भोग" हे शब्द रुग्णाजवळ उच्चारू नयेत, ते याचसाठी.

अशा प्रश्नाला उत्तर देण्याची घाई नको. खाट्याशेजारी बसून ऐकणारे माणूस हवे. परिचारिकांची इच्छा असते, पण औषधांच्या वेळा सांभाळताना त्यांना उसंत मिळत नाही. हे काम प्रशिक्षित समुपदेशक व वैद्यकीय समाजसेवकांचे आहे. रुग्णाच्या इच्छेनुसार त्याच्या धर्माच्या व्यक्तीस बोलावणे आणि ज्याची कशावरच श्रद्धा नाही त्याच्या मताचाही मान राखणे, हे त्यांनीच पाहावयाचे.

देणगीदारांकडून यंत्रसामग्रीसाठी व मंदिरासाठी आपुलकीने निधी येतो. त्याबद्दल संस्था ऋणी आहे. समुपदेशकाच्या वेतनावर मात्र नावाची संगमरवरी पाटी लावता येत नाही, म्हणून ती बाजू तोकडी राहते. यंदा आपल्या दातृत्वाचा काही अंश या कामी लाभावा, अशी नम्र प्रार्थना करून आपली रजा घेतो.