अपंगांची नोकरी आणि ‘कामाचे स्वरूप’

(वर्धापनदिनी विहारात दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



समितीने विषय दिला आहे अपंगांच्या नोकरीचा. सरकारी कागदावर आता ‘दिव्यांग’ लिहितात, वस्तीत अजून अपंगच म्हणतात. आम्ही दोन्ही वापरू, शब्दावरून भांडण्यात आजची वेळ घालवायची नाही. आम्ही म्हणजे बँक, रेल्वे, महापालिका अशा ठिकाणांहून निवृत्त झालेले चार-पाच जण. रविवारी वंदना झाली की विहाराच्या बाजूच्या खोलीत बसतो, पोरांचे अर्ज भरून देतो, कुणाबरोबर दाखल्यासाठी इस्पितळात जातो. त्यातून जे लक्षात आलं ते आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात थोडी मागून करतो. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या आज्या-पणज्यांना सूतखात्यात काम मिळे, पण कापडखात्यात मागावर उभं राहू देत नसत. पगार मात्र मागावर जास्त होता. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्यानं तोंड लावलेला धोटा दुसरा कामगार कसा हातात घेणार? बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला. आता बघा, कारण शिवाशिवीचं होतं, पण सांगताना ते कामाच्या रीतीत गुंडाळून सांगितलं जाई. ‘काय करणार, कामच तसं आहे.’ वास्तविक तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटे तेव्हा जगात निघालेले होते. काम तसं नव्हतं, काम तसं ठेवलेलं होतं.

हे आठवण्याचं कारण असं, की अपंग उमेदवाराला नकार देताना आजही जवळपास हेच वाक्य येतं : ‘कामाचे स्वरूप पाहता आपली निवड करता येत नाही.’ आपल्या लोकांना अशी भाषा नवी नाही. ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ हा शेरा आणि त्यामागून येणारा अनुशेष आपण पिढ्यान् पिढ्या पाहिला आहे. म्हणून हा विषय दुसऱ्या कुणाचा आहे असं समजून मांडी बदलू नका.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. संविधानाच्या कलम १६ मध्ये सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग वगैरे कारणांवरून भेदभाव करू नये असं आहे. त्या यादीत अपंगत्व नाही. कलम ४१ मध्ये मात्र कामाचा हक्क सांगताना अपंगत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व. केंद्र सरकारने १९७७ साली खालच्या दोन वर्गांतल्या पदांवर ३ टक्के जागा ठेवल्या. पुढे १९९५ चा कायदा आला, त्यात ३ टक्के. मग २०१६ चा कायदा, त्यात ४ टक्के. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. आरक्षणासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, त्यांत काम करणारे शंभरात छत्तीस. बाकीच्यांत म्हातारे, लहान मुलं असतील हे मान्य. पण आपल्याच गल्लीत मोजून पाहा, धडधाकट डोकं असलेले किती जण दाराशी खुर्ची टाकून बसलेले आहेत.

खरी मेख ‘योग्य पदां’च्या यादीत होती. कोणतं पद कुणाला झेपेल हे आधी ठरवायचं आणि मग तेवढ्याच पदांवर आरक्षण. अंधांसाठी काय ठरलं होतं? टेलिफोन ऑपरेटर आणि वेताच्या खुर्च्या विणणं. बँकेत, सचिवालयात, रेल्वेत अंध ऑपरेटर असत, आणि काय त्यांची स्मरणशक्ती! दोन-अडीचशे एक्स्टेन्शन तोंडपाठ. आवाजावरून साहेब कोणत्या मूडमध्ये आहे ते ओळखून फोन जोडत. मग फोन थेट टेबलावर लागू लागले, ऑपरेटरची खोली गेली. वेताच्या खुर्च्या जाऊन प्लॅस्टिकच्या आल्या, विणकाम गेलं. यादी मात्र तशीच पुढे चालत राहिली. दुसरीकडे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर आली : १९९५ च्या सुमारास ‘जॉज’, ते महाग होतं, २००६ साली ‘एनव्हीडीए’ आलं, ते फुकट आहे. आज अंध मुलगा कानात हेडफोन घालून बँकेत क्लार्कचं काम करतो, पत्र टाइप करतो, खाती तपासतो. काम तेच, माणूस तोच, मध्ये साधन बदललं. म्हणजे ‘हे काम अंधाला जमणार नाही’ हे वाक्य अंधाबद्दल नसतं, त्या वेळच्या टेबलावर काय ठेवलेलं आहे त्याबद्दल असतं.

न्यायालयंही हळूहळू इकडे आली. नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका अंध उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं की, पदं निश्चित झाली नाहीत या सबबीवर नेमणूक अडवता येणार नाही. २०१३ मध्ये सांगितलं की, आरक्षणाचा हिशेब संवर्गातल्या एकूण जागांवर करा. आणि मार्च २०२५ मध्ये, दृष्टिहीन व्यक्तीला न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळणारा मध्य प्रदेशातला नियम रद्द केला. खुर्ची विणण्यापासून न्यायाधीशाच्या खुर्चीपर्यंत, बराच पल्ला झाला. आपल्या पोरांना यातलं काही माहीत नसतं, ती अजून ‘अंधाला कोण घेणार’ इथंच असतात.

मूकबधिरांचं वेगळं. मालक म्हणतो, ‘भोंगा ऐकू येणार नाही, अपघात होईल.’ भोंग्याबरोबर लाल दिवा लावा की. आणि गिरणीत मागावर काम केलेले कुणी इथं बसले असतील तर त्यांनीच सांगावं, हजारो मागांच्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकत होतं? सगळेच खुणांनी बोलत. टायटनने होसूरच्या घड्याळ कारखान्यात कर्णबधिरांसह अनेक अपंगांना कामावर घेतलं. पवईत २०१५ साली एक हॉटेल निघालं, वाढणारे सगळे कर्णबधिर. मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थाची खूण छापलेली, गिऱ्हाइकानंच ती करून दाखवायची. म्हणजे शिकायचं काम गिऱ्हाइकाकडे! आम्हाला ही कल्पना फार आवडली.

कायद्यात ‘वाजवी सोयी’ म्हणून एक गोष्ट आहे. साहेबलोकांना वाटतं, यात लाखांचा खर्च. आमच्या पाहण्यात आलेल्या सोयी सांगतो. टेबलाच्या चार पायांखाली लाकडी ठोकळे, की चाकाची खुर्ची आत जाते. दुसऱ्या मजल्यावरचं टेबल तळमजल्यावर. लोकलची गर्दी टळावी म्हणून हजेरी अर्धा तास उशिरा आणि सुटी अर्धा तास उशिरा. अपंगांचा डबा आहे, पण त्यात धडधाकटच आधी चढतात हे आपण जाणतो. संडासाचं दार बाहेर उघडणारं. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. कुबड्या घेऊन ऑफिसला जाणाऱ्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण संडास जिन्यावर. पुढं मूत्रविकार होतो, रजा पडतात, मग साहेब म्हणतो, ‘बघा, सांगितलं नव्हतं का?’

आता नाजूक मुद्दा. नोकरीत असताना अपंग झालेल्यांचा. कायदा स्पष्ट आहे : सरकारी आस्थापनेत सेवेत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पदावनत करता येत नाही, दुसरं काम द्यायचं, पगार तोच, आणि जागा नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करायचं. पाय कापावा लागलेल्या एका कॉन्स्टेबलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच, जुन्या कायद्याखाली, हे बजावलं होतं. तरी आपल्या सफाई कामगारांच्या घरात काय होतं? गाडीवरून पडला, मधुमेहात पाय गेला, की ऑफिसातला बाबू आणि घरातले मिळून त्याला ‘वैद्यकीय अपात्र’ करतात. कारण लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे जागेवर मुलाला नोकरी लागते. मुलाच्या पोटाचा प्रश्न खोटा नाही, त्याला नावं ठेवायचा आमचा विचार नाही. पण एका बापानं आमच्यासमोर विचारलं, ‘मला हजेरी लिहायचं काम दिलं असतं तर अजून अकरा वर्षं होती ना माझी?’ त्याला हे सही केल्यानंतर कळलं. दोन्ही वाटा समोर ठेवून, त्याला विचारून मग सही घ्या. इतकं तरी घरच्यांनी करावं.

दुसरी भीती निराधार योजनेच्या पैशांची. ‘पोरगं कामाला लागलं तर पगार बंद होईल,’ म्हणून आईच त्याला बसवून ठेवते. खासगी कंपनीत आरक्षणाची सक्ती नाही, कंत्राटी नोकरी सहा महिन्यांत जाते, तेव्हा तिची भीती अगदीच वेडी नाही. यावर उपाय एकच दिसतो, नोकरी टिकेल अशी पाहणं. आणि इथं आपले काही बांधव स्वतः ठेकेदार आहेत, सिक्युरिटी एजन्सी, कॅन्टीन, झेरॉक्स-टायपिंगची दुकानं चालवतात. त्यांना विनंती, अपंग मुलाला घ्याल तेव्हा ‘उपकार’ म्हणून अर्ध्या पगारावर घेऊ नका. नासिमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवरून सरकारी नोकरी करत होत्या, पुढं कोल्हापुरात संस्था उभी केली आणि सिंधुदुर्गात अपंगांच्या हातून काजू प्रक्रियेचा उद्योग चालवला. तिथला काजू बाजारात विकला जातो, दया म्हणून कुणी काजू खात नाही.

समितीला एक सांगणं आहे, रागावू नका. आपल्या या विहाराला पाच पायऱ्या आहेत. आज चाकाच्या खुर्चीतले दोघे बाहेर मंडपात बसून हे भाषण ऐकत आहेत. उताराचा रस्ता करायला सिमेंटच्या किती गोण्या लागतील ते आमच्यातल्या एका गवंडीकाम जाणणाऱ्यानं काढून ठेवलं आहे, कागद अध्यक्षांकडे दिला आहे.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही यूडीआयडी कार्डाचे अर्ज भरायला बसणार आहोत. येताना आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणि जुना अपंगत्वाचा दाखला असेल तर तो आणावा. नसेल तरी या. शाळा सोडल्याचा दाखला आणि मार्कलिस्टही बरोबर ठेवा, म्हणजे रोजगार नोंदणीचं कामही त्याच बैठकीत उरकेल. ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरचा पत्ता महिला मंडळाकडे लिहून द्यावा, आम्ही घरी येऊ. जय भीम.